आजपुरती माफी

आमच्या गावात महिन्यातल्या एका शनिवारी चहा फार प्यायला जायचा. परक्या माणसाला वाटावं, आज गावात कुठे सोयरीक जुळते आहे की काय. सकाळपासून माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसलेली, हातात बशी, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. आम्ही ख्रिस्ती, आणि दुसऱ्या दिवशीचा रविवार प्रभुभोजनाचा असे, म्हणजे देवळात, आमच्या चर्चमध्ये, येशूच्या आठवणीत भाकर आणि एका प्याल्यातून द्राक्षरस घेण्याचा. आमचे पाळकसाहेब चिंचपाड्याकडून एसटीनं विसरवाडीला उतरत आणि तिथून पायवाटेनं आमच्याकडे येत, तेही महिन्यातून एकदाच. देवळातल्या त्या प्याल्याला ओठ लावण्याआधी कोणाशी वाकडं राहिलेलं चालत नसे. म्हणून ज्याची चूक असेल त्यानं शनिवारी समोरच्याच्या घरी जायचं आणि म्हणायचं, चहा प्यायला आलो. एवढंच. समोरच्यानं चुलीवर आधण ठेवलं की मिटलं. चहा कोरा, गुळाचा, त्यात गवती चहाची दोन पाती. कोणी कोणाचा बांध कोरला, कोणाच्या शेळीनं कोणाचा उडीद खाल्ला, कोणाची सून विहिरीवर काय बोलली, ते सगळं त्या चहाबरोबर पोटात जाई. याला समेटाचा चहा म्हणत. आमच्या मंडळीतले म्हातारे योनाकाका फार तोंडाळ होते, त्यामुळे त्यांना दर महिन्याला पाच-सहा घरी चहा प्यावा लागे आणि रविवारी उपदेश चालू असताना ते सारखे उठून बाहेर जात.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. कुडाच्या भिंती, वर गावठी कौलं, पुढे सारवलेलं अंगण. हायवे तसा लांब, पण वारा तिकडून असला की ट्रकांची घरघर ऐकू येई, आणि अर्धवट झोपेत मला ती पुराच्या पाण्याची वाटे. आई काम करताना भजनं गुणगुणायची. शब्द अर्धे मराठी, अर्धे आमच्या कोकणीतले, म्हणजे गोव्याकडच्या नव्हे, आमच्या डोंगरातल्या बोलीतले, आणि चाल पूर्णपणे तिची स्वतःची. दुपारी नागलीच्या भाकरीचा वास, कोंबड्यांचं कुरकुरणं, आईचं ते न संपणारं गाणं, यांत माझं बालपण कसं गेलं ते मला नीट सांगता येत नाही. एकच लांबलचक दुपार होती असं आठवतं. बाबा शेती करत आणि मंडळीचे वडील म्हणून काम पाहत, म्हणजे पाळकसाहेब नसतील तेव्हा प्रार्थना चालवायची आणि भांडणं मिटवायची. मी आता नंदुरबारला मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. आयुष्यभर पोरांना प्रमाण मराठी शिकवली, त्यामुळे घरचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायला गेले तर हात अडखळतो. आईबाबांचं बोलणं मी माझ्याच मराठीत सांगते. एका माणसाचं मात्र तसं सांगता येणार नाही, कारण तिचे शब्द मला आजही तिच्याच आवाजात ऐकू येतात. ती म्हणजे गुलाबमावशी.

गुलाबमावशी आमच्या नात्यातली नव्हती. तापीकाठच्या सपाटीवरून ती लग्न होऊन इकडे आली होती आणि शेवटपर्यंत अहिराणीतच बोलली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती मोहाची दारू गाळून पोट भरायची. तिच्या हातच्या दारूची कीर्ती विसरवाडीला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांपर्यंत पोचली होती. मग एका उन्हाळ्यात ती आईच्या ओळखीनं प्रार्थनेला येऊन दाराशी बसू लागली. दाराशी म्हणजे चपला असतात तिथे. कोणी आत बोलावलं तरी यायची नाही. आणि एक दिवस तिनं भट्टीची मडकी डोक्यावरून नदीवर नेली आणि दगडावर आपटून फोडली. मी तेव्हा तिथे कपडे धूत होते. फोडताना ती मोठ्यानं रडत होती. इतक्या चांगल्या गोष्टीसाठी बाई रडते कशाला, ते मला कळलं नव्हतं. पुढे तिचा बाप्तिस्मा झाला आणि ती बायकांच्या ओळीत, खिडकीजवळच्या जागी बसू लागली.

आमच्या डोंगराळ भागात द्राक्षं कुठून येणार? प्रभुभोजनाचा रस काळ्या मनुकांचा करत. नवापूरच्या बाजारातून मनुका यायच्या, शुक्रवारी भिजत पडायच्या, शनिवारी सकाळी मंद आचेवर शिजायच्या आणि मग धोतराच्या स्वच्छ फडक्यातून गाळून रस काचेच्या बरणीत भरायचा. हे काम मंडळीच्या वडिलांच्या घरी, म्हणजे आमच्या घरी होई आणि आई करी. बाप्तिस्मा झाल्यावर वर्षभरानं आईनं ते काम गुलाबमावशीला दिलं. योनाकाकांना ते रुचलं नाही. दारू गाळलेल्या हातांनी हा रस गाळायचा का, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. आई म्हणाली, त्या हातांना गाळण्याचीच सवय आहे, आता ते हे गाळतील. पुढच्या शनिवारी योनाकाका आईकडे चहाला आले. तेव्हापासून दर महिन्याला मावशी आंघोळ करून, ओल्या केसांनी आमच्या चुलीपुढे बसायची आणि फडकं पिळताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहायची. त्या कामासारखं मानाचं काम तिला जन्मात कोणी दिलं नव्हतं. हे ती कधी बोलली नाही, पण बरणीचं झाकण लावल्यावर ती दोन्ही हात पदराला ज्या पद्धतीनं पुसायची त्यावरून कळायचं.

ती वैशाखातली गोष्ट. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. आम्हा मुलांना अजून प्याला मिळत नसे. शिकवणी पूर्ण झाली, मंडळीपुढे विश्वासाची कबुली दिली, की मगच. त्यामुळे त्या रसाची चव काय असेल याचं मला भलतं वेड लागलं होतं. शनिवारी दुपारी आईबाबा आणि मावशी तयारीच्या प्रार्थनेला देवळात गेले. घरात मी एकटी. बाहेर ऊन असं की अंगणाकडे बघवत नव्हतं. मी बरणी उघडली आणि एक चमचा घेतला. गोड, गडद, किंचित धुरकट. मग दुसरा. मग वाटी घेतली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी पापबिप काही वाटलं नाही, फार छान वाटलं. भिंतीला टेकून मी थोडी झोपलेही असेन. जागी झाले तेव्हा बरणी अर्ध्याच्या खाली गेली होती.

मग मात्र घाबरले. पाणी घालून पाहिलं तर रंग फिका पडला. परसात टोपलीभर पिकलेली करवंदं होती, सकाळीच रानातून आणलेली. मी ती कुस्करली, गूळ फोडून घातला, पाणी घातलं, आणि फडक्यातून गाळून सगळं बरणीत ओतलं. रंग अगदी जुळला. गूळ विरघळेना म्हणून बरणी चुलीच्या उबेला सरकवून ठेवली आणि परत जागेवर ठेवायला विसरले. रस शिजवलेला नव्हता, दिवस वैशाखाचे, आणि चुलीतली राख रात्रभर गरम. आमच्याकडच्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं की याचं काय होणार. मला चव सारखी व्हायला हवी एवढंच सुचलं होतं. बोटं चिकानं चिकटली होती, ती मी राखेनं घासून काढली.

रविवारी पाळकसाहेबांनी प्याला योनाकाकांच्या हाती दिला. काका प्रभूकडे वळण्याआधी चांगले पिणारे होते, त्यामुळे त्यांच्या नाकाला ते आधी कळलं. त्यांनी घोट घेतला, थांबले, आणि प्याला तसाच हातात धरून बायकांच्या ओळीकडे पाहू लागले. रस आंबला होता. त्याला बारीक फेस आला होता आणि जिभेला चुरचुर लागत होती. एकेका चेहऱ्यावर तीच शंका येताना मी मागच्या ओळीतून पाहिली. ढोलकी वाजत राहिली, गाणं पुढे सरकत राहिलं, आणि मला ते सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. उपासना संपल्यावर वडील मंडळींनी मावशीला थांबवलं. तिनं काय घातलं, असं विचारलं. मनुका आणि पाणी, ती म्हणाली. पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. कोणी म्हणालं, जुनं मडकं वापरलं असेल. कोणी म्हणालं, थोडी मोहाची घातली असेल, सवय सुटत नाही. बाबा सगळ्यांत सौम्य होते, पण शेवटी निर्णय त्यांनीच सांगितला: पश्चात्ताप होऊन ती खरं बोलेपर्यंत तिनं प्रभूच्या मेजापासून दूर राहावं. मावशी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि निघून गेली.

आणि मी गप्प बसले. आज पाहते तर त्याला काही कारण सापडत नाही. बाबा मारणारे नव्हते. आई तर ओरडायचीही नाही. पण पहिल्या दिवशी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचंही सांगावं लागणार होतं. रोज ते वाढत गेलं. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी मी वाट पाहिली की काही तरी आपोआप होईल. पेरण्या झाल्या. भाताच्या आवण्या, म्हणजे लावण्या, सुरू झाल्या. पुढच्या प्रभुभोजनाला रस आईनं केला आणि खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. दरम्यान जुनी गिऱ्हाइकं मावशीच्या दाराशी यायला लागली. हायवेवर बातमी गेली होती की तिला देवळातून काढलं, म्हणजे आता भट्टी लागणार. ती पुन्हा दारू गाळणार का, यावर गावात चर्चा चाले आणि बहुतेकांना वाटे की गाळणार. आई एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, ती परत तिकडे गेली तर ते पाप आपल्या दाराशी येईल. मी ताट घेऊन बाहेर जाऊन बसले.

श्रावणाच्या सुमाराला माझी शिकवणी संपली. कबुलीचा रविवार आला, आईनं मला पांढरी साडी नेसवली, केसांना इतकं तेल लावलं की ते कपाळावर आलं. माझ्याबरोबर आणखी दोन मुली होत्या. पाळकसाहेब प्याला घेऊन ओळीनं पुढे येत होते. बाहेर पाऊस होता आणि पत्र्यावर त्याचा आवाज इतका मोठा की त्यांचं बोलणं ओठांवरूनच समजून घ्यावं लागत होतं. प्याला माझ्यासमोर आला. तोच धुरकट, गोड वास नाकात गेला. मी प्याल्यावर तळहात ठेवला. गुलाबमावशीनं नाही, मी केलं, असं म्हणाले. पावसात पाळकसाहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मान पुढे केली. मग मी मोठ्यानं सांगितलं, सगळं, करवंदांपासून. सगळ्या देवळाला ऐकू गेलं. पाळकसाहेबांनी माझ्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, देवानं तुला क्षमा केली आहे, बाळ. मला खरंच हलकं वाटलं. इतकं की मी हसले असेन. पण बाबा हसत नव्हते. त्यांनी पाळकसाहेबांना प्याला झाकून ठेवायची विनंती केली, छत्री न घेता देवळाबाहेर पडले, आणि त्यांच्यामागे बाकीचे वडील, योनाकाकांसह. आईनं माझा हात धरला आणि मलाही चालवलं.

गुलाबमावशी दाराशी तांदूळ निवडत होती. अंगणात एवढी भिजलेली माणसं पाहून ती उठली. बाबांनी चपला काढल्या आणि म्हणाले, चहा प्यायला आलो. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत जाऊन चूल पेटवली. लाकडं ओली होती, पेटायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे मान खाली घालून उभे होते. बाहेर येऊन ती म्हणाली, "बठा. कप तीनच शेत. पाळीपाळीनं प्या." तसे ते प्याले. तिघं पीत, बाकीचे थांबत, मग कप विसळून पुढच्या तिघांना. योनाकाका शेवटी प्याले आणि कप हातात घेऊनच रडले. ती त्यांना म्हणाली की दुसरा कप हवा असेल तर गूळ अजून आहे. सगळे हसले. झालं, मिटलं, असं मला वाटलं. मी पुढे झाले आणि म्हणाले, मावशी, मीही चहा प्यायला आले.

तिनं कप भरला. पण दिला नाही. "त्यासनं चुकनं," ती म्हणाली. "तुले ठाऊक व्हतं." तिचा आवाज चढला नव्हता. ती इतका वेळ माझ्याकडे पाहत राहिली की मला पायाखालचा चिखल थंड लागू लागला. मग तिनं कप माझ्या हातात ठेवला. "आज माफ करं. पन सकायले उठसू तवय आखो राग येई. तू सकायले ये."

म्हणजे आज माफ केलं, पण सकाळी उठेन तेव्हा पुन्हा राग येईल, तेव्हा सकाळी ये. बाबांना वाटलं ती बोलून मोकळी झाली. आमच्या मागोमाग आलेल्या पाळकसाहेबांनी तिला त्याच दिवशी देवळात चलायचा आग्रह केला. ती नाही म्हणाली. प्रभूनं माफ केलं ते त्याचं, माझं अजून झालं नाही, आणि मनात राग ठेवून मी तो प्याला घेणार नाही, असं तिचं म्हणणं. समेटाच्या चहाचा आमचाच नियम तिनं आमच्यापुढे ठेवला होता. परत येताना बाबा मला म्हणाले, तिचं मेजावर येणं आता तुझ्या हातात आहे. मला तेव्हा ते फार अन्यायाचं वाटलं. एवढ्या लोकांपुढे कबूल केलं, आता अजून काय करायचं?

पण सकाळी मी गेले. शाळेच्या आधी, चिखलातून, फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर धरून. तिनं चूल पेटवली, चहा दिला, माफ करं म्हणाली, मी निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुरुवातीला मी ते शिक्षा म्हणून करत होते, तोंड पाडून. कधी ती पहिल्यापासून सगळं ऐकवायची: देवळात लोक कसे बघत होते, ट्रकवाले दाराशी येऊन काय काय बोलले, एका संध्याकाळी तिनं नवं मडकं विकत घ्यायला कशी पावलं उचलली होती आणि कशी अर्ध्या वाटेवरून परतली. मी ऐकत बसायची, चहा निवायचा. आणि काही सकाळी ती चूल न पेटवताच बसलेली असे. "आज नही व्हत. जाय." मी रिकाम्या तोंडी परत यायची. ते दिवस फार वाईट जायचे. शाळेत फळ्यावरचं काही दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा आधी जायची, धुकं असतानाच, आणि चुलीचा धूर कौलांतून वर येताना दिसला की तिथेच रडू यायचं.

भाद्रपदात मला चार दिवस मामाकडे जायचं होतं. मी हुशारी करायला गेले. म्हटलं, मावशी, चार दिवसांची माफी आजच देऊन टाक. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून शांतपणे म्हणाली, "माले तो रोज नवी देस, काल्हनी देत नही. मंग मी तुले काल्हनी कशी देऊ?" तो म्हणजे प्रभू; आज दिलेली माफी उद्याला कालची, शिळी होणार होती. आणि मग तिनं प्रथमच मला स्वतःचं सांगितलं. मडकी फोडली त्या दिवशी ती सुटली असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती तशी सुटली नव्हती. रोज पहाटे जाग आली की आधी भट्टीच आठवते. हात आपसूक मोहाची फुलं निवडायला वळतात. आजही. मग ती अंथरुणावरच बसून प्रभूला सांगते की आज पुन्हा मन गेलं, आणि तो त्या दिवसापुरतं उचलून धरतो. दुसऱ्या दिवसाचं तो आदल्या दिवशी काही देत नाही. मी मामाकडे गेले नाही. आईनं विचारलं तर पोट दुखतं म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी मावशीकडून येताना आईकडे जाऊन ते खोटं होतं हेही सांगितलं. आईनं आधण ठेवलं.

आता या वयात गुडघे दुखतात, सकाळी उठायला वेळ लागतो. माझा नवरा, तो गेल्याला बरीच वर्षं झाली, फार तापट होता, आणि मीही काही गरीब गाय नव्हते. आमचा संसार टिकला तो कोणत्या मोठ्या प्रेमानं, असं मला वाटत नाही. रोज सकाळी कोणीतरी आधी चहा टाकायचं, एवढ्यावर टिकला. कृपा हा शब्द मी आयुष्यभर प्रार्थनेत ऐकला. डोळे मिटले तर त्या शब्दाबरोबर मला आभाळबिभाळ दिसत नाही. ओल्या लाकडांवर फुंकर घालणारी एक बाई दिसते, धुरानं डोळे चुरचुरलेली, रागावलेली, आणि तरी फुंकत असलेली. मला ती फार आवडायची. केव्हापासून आवडू लागली ते कळलंच नाही. भात पोटरीला येईपर्यंत मी शिक्षा म्हणून जात नव्हते, तिच्याकडे जायला मिळतं म्हणून जात होते. तरी दर महिन्याच्या त्या रविवारी खिडकीजवळची जागा रिकामीच राहत होती, आणि मीही प्याला तसाच पुढे सरकवत होते. ती घेत नाही तर मी कशी घेऊ?

भातकापणीच्या दिवसांत मला हिवतापानं धरलं. शनिवारी थंडी वाजून आली आणि रविवारी पहाटे मी इतकी तापले होते की कौलं खाली-वर होताना दिसत होती. प्रभुभोजनाचा रविवार. चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या उशाशी होत्या. आईनं कपाळावर ओलं फडकं ठेवलं, रसाची बरणी उचलली, उपासना संपताच येते म्हणाली आणि बाबांबरोबर गेली. मी मावशीकडे जायला उठले, असं मला वाटलं. पायवाटेनं चाललेही, चिखल तुडवला, धूर पाहिला. मग डोळे उघडले तर गोधडीतच होते. पुन्हा निघाले, पुन्हा गोधडीत. असं किती वेळा झालं कोण जाणे. ऊन अंगणात उतरलं होतं आणि मी तिच्या दारात काही केल्या पोचत नव्हते.

मग दारात सावली आली. गुलाबमावशी होती. हातात किटली, किटलीच्या तोटीत पानाचा बोळा. एवढ्या महिन्यांत ती आमच्या उंबऱ्यात एकदाही आली नव्हती. ती आत आली, माझ्याजवळ बसली, कपाळाला हात लावला. तिचा हात थंड होता आणि त्याला धुराचा वास होता. ती दमली होती. चालून आल्यामुळे नव्हे, कशानं तरी घाबरल्यामुळे, असं मला वाटलं.

"आज तू उनी नही," ती म्हणाली. "मंग मी माफ कोनले करू?"

मी म्हणाले, आज राग आला होता का? तिनं किटलीतला बोळा काढला, बशीत चहा ओतला, फुंकून फुंकून निववला. मग हळूच म्हणाली की जाग आली तेव्हा आधी भट्टी आठवली, नेहमीसारखी. मग चूल पेटवली. मग वाट पाहिली. ऊन वर आलं तशी पोरीला काय झालं असेल याशिवाय दुसरं काही मनात येईना. राग शोधून पाहिला, म्हणाली, सापडला नाही. उद्या सापडेल कदाचित. बशी तिनं माझ्या ओठांना लावली. तोंड तापानं कडू झालं होतं तरी त्या गुळाची चव मला लागली.

देवळातून ढोलकीचा आवाज यायला लागला. पहिलं भजन सुरू झालं होतं, बायकांचे आवाज पुरुषांच्या पुढे धावत होते, नेहमीप्रमाणे. मावशीनं बशी पालथी घातली. फडकं पुन्हा ओलं करून माझ्या कपाळावर ठेवलं. मग उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला आणि दोन्ही हातांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मी विचारलं, कुठे जातेस? "पडी ऱ्हाय," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मी भिंतीला धरून उठले. डोकं गरगरत होतं, पण खिडकीपर्यंत गेले. आमच्या अंगणाखाली वाट दोन ठिकाणी फुटते, डावीकडची तिच्या घराला जाते आणि उजवीकडची देवळाला. तिथे ती थोडी थांबली. मग उजवीकडे वळली, आणि भजनाचं दुसरं कडवं सुरू झालं तसं तिनं पाऊल उचललं, उशीर झालेल्या माणसासारखं, जवळजवळ पळत.